गंमत, गांभीर्य आणि ‘अलबेला’ची गाणी

हिंदी चित्रपटसंगीतात मोठ्या वाद्यमेळाची पद्धत एकाच वर्षात रुजली असे म्हणता येणार नाही; तरीही १९५१ हे वर्ष त्या दृष्टीने महत्त्वाचे मानावे लागते. राज कपूर यांचा ‘आवारा’, गुरुदत्त यांचा ‘बाजी’ आणि मास्टर भगवान यांचा ‘अलबेला’ हे तीन चित्रपट त्याच वर्षी प्रदर्शित झाले, आणि शंकर-जयकिशन, सचिनदेव बर्मन व सी. रामचंद्र या संगीतकारांनी आपापल्या रीतीने पाश्चात्त्य वाद्यांचा ताफा हिंदी गाण्याच्या दिमतीला लावला. तिन्ही चित्रपट चालले आणि तिन्हींची गाणी घरोघर पोहोचली. मात्र ‘आवारा’च्या गाण्यांना सामाजिक आशयाचे आणि ‘बाजी’च्या गाण्यांना नव्या शहरी शैलीचे श्रेय जितक्या सहजपणे मिळाले, तितक्या सहजपणे ‘अलबेला’च्या गाण्यांना मिळाले नाही. ती लोकांना आवडतात, एवढे मान्य करून त्यांच्याविषयीची चर्चा बहुधा तिथेच थांबत असे.

या उपेक्षेचे कारण गाण्यांच्या दर्जापेक्षा त्यांच्या स्वभावात अधिक सापडते. ही गाणी खेळकर आहेत, काही ठिकाणी सरळसरळ थट्टेखोर आहेत आणि त्यांची थट्टा शब्दांइतकीच वाद्यांच्या बोलण्यातूनही चालते. गंभीर गाण्याचे गुणदोष कसे सांगावेत याची एक परिभाषा आपल्याकडे तयार होती. हसवणाऱ्या वाद्यमेळाचे मूल्यमापन करण्याची परिभाषा मात्र नव्हती. ‘अलबेला’च्या आणि एकूण सी. रामचंद्र यांच्या खेळकर गाण्यांच्या स्वागताचा इतिहास हा प्रामुख्याने या उणिवेचा इतिहास आहे.

अल्बम नसलेल्या काळातील गीतसंच

आज ‘अल्बम’ म्हटले की एका बैठकीत ऐकता येईल असा गाण्यांचा सलग संच डोळ्यांसमोर येतो. परंतु १९५१ मध्ये भारतीय श्रोत्याच्या हाती येणारी ध्वनिमुद्रिका लाखेची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी आणि एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावणारी असे. चित्रपटातील दहा-बारा गाणी पाच-सहा स्वतंत्र तबकड्यांवर विखुरलेली असत, आणि ती सगळी विकत घेणे सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे असल्यामुळे बहुतेकांनी हा गीतसंच चित्रपटगृहात, इराण्याच्या हॉटेलात किंवा शेजाऱ्याच्या रेडिओवर तुकड्यातुकड्याने ऐकला. या तांत्रिक मर्यादेचा गाण्याच्या घडणीवरही परिणाम होत असे. तीन मिनिटांत सुरुवातीची वाद्यरचना, ध्रुवपद, दोन-तीन कडवी आणि त्यांना जोडणारे मधले वाद्यतुकडे बसवायचे म्हणजे प्रत्येक सेकंदाचा हिशेब ठेवावा लागे, आणि नेमक्या वेळेवर अवलंबून असणाऱ्या विनोदाला ही काटकसर एका परीने उपकारकच ठरली.

‘अलबेला’च्या संचाला एकत्र बांधणारा धागा कथेने पुरवला. भगवान यांनी रंगवलेला प्यारेलाल हा नट होण्याचे वेड घेतलेला गरीब घरातील तरुण आहे. घरातून बाहेर पडल्यावर त्याची गाठ गीता बाली यांनी रंगवलेल्या आशा या रंगभूमीवरील नटीशी पडते आणि तो स्वतःही रंगमंचावर नाव कमावतो. त्यामुळे चित्रपटातील अनेक गाणी पात्रांच्या मनातील उमाळा म्हणून न येता नाटकमंडळीने प्रेक्षकांसमोर सादर केलेले प्रवेश म्हणून येतात. रंगमंच, पोशाख, वाद्ये आणि टाळ्या वाजवणारे प्रेक्षक हे सारे गाण्यातच असल्यामुळे संगीतकाराला वाद्यमेळ लपवावा लागला नाही. उलट तो दिमाखाने मिरवता आला.

पुणतांब्याचा संगीतकार आणि गोव्याचे वादक

रामचंद्र नरहर चितळकर ऊर्फ सी. रामचंद्र यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांबे येथे झाला. नागपूर आणि पुणे येथे शास्त्रीय संगीताचे शिक्षण घेतलेला हा तरुण नट होण्यासाठी चित्रपटसृष्टीत आला, ‘नागानंद’ या चित्रपटात नायक झाला, तिथे जम न बसल्याने सोहराब मोदी यांच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये लहानसहान भूमिकांकडे आणि पेटीवादनाकडे वळला, आणि पुढे संगीतकार झाला. भगवान यांच्या ‘सुखी जीवन’ (१९४२) या चित्रपटाने त्याला हिंदीत स्वतंत्रपणे उभे केले. संगीतकार म्हणून सी. रामचंद्र, गायक म्हणून चितळकर आणि काही चित्रपटांत राम चितळकर अशी वेगवेगळी नावे त्यांनी वापरली. चित्रपटसृष्टीत मात्र ते सर्वांचे अण्णा होते. भगवान आभाजी पालव हेही गिरणी कामगाराच्या घरात, परळ-दादरच्या वस्तीत वाढलेले. स्वस्त मारधाडपट काढून पोट भरणाऱ्या भगवान यांना सामाजिक विषयाचा चित्रपट काढण्याचा सल्ला राज कपूर यांनी दिला आणि त्यातून ‘अलबेला’ उभा राहिला, ही हकिगत सर्वश्रुत आहे.

वाद्यमेळाची दुसरी बाजू गोव्याने सांभाळली. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातील चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवले जाई. अशा शाळांतून आलेले वादक मुंबईच्या हॉटेलांतील जॅझ बँडमध्ये वाजवत आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला जात. हिंदी संगीतकार बहुधा पेटीवर चाल बांधत. ती चाल कागदावर उतरवून कोणत्या वाद्याने कोणता स्वर कधी वाजवावा हे ठरवणाऱ्यास अरेंजर म्हणत आणि हे काम मोठ्या प्रमाणात गोव्याच्या कलावंतांकडे होते. हळदोणे येथील आंतोनियो शावियेर वाझ हे ‘चिक चॉकलेट’ या नावाने मुंबईच्या जॅझ वर्तुळात प्रसिद्ध असलेले ट्रम्पेटवादक सी. रामचंद्र यांचे सहायक होते. त्यांचा बँड झालरीच्या बाह्यांच्या लॅटिन अमेरिकी धाटणीच्या पोशाखात ‘अलबेला’च्या पडद्यावरही दिसतो. पडद्यामागे राहणाऱ्या वादकांना असे समोर आणणे त्या काळात सर्रास घडत नसे.

विनोद नेमका कुठे असतो

‘शोला जो भड़के’ या युगलगीताच्या वाद्यरचनेत बोंगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन ही वाद्ये एकत्र आणलेली आहेत. यांतील बोंगो हे क्यूबातून जगभर पसरलेले जोड-तालवाद्य, तर ओबो आणि क्लॅरिनेट ही फुंकून वाजवायची लाकडी वाद्ये आहेत. ओबोचा आवाज नाकातून आल्यासारखा बारीक आणि क्लॅरिनेटचा आवाज गोल, मिश्कील असतो. गाण्याचा विषय प्रेमाच्या दाहाचा, म्हणजे उर्दू कवितेच्या परंपरेत अत्यंत गंभीर मानला गेलेला. शब्द अंतःकरणातील आगीविषयी बोलत असताना ताल मात्र कमरेला हलके झोके देतो आणि पडद्यावर स्थूल बांध्याचे भगवान जागच्या जागी, जेमतेम वीतभर पावले टाकत, हात सैल सोडून नाचतात. शब्दांचा दाह आणि तालाचा निवांतपणा यांतील विसंगती हाच या गाण्याचा विनोद आहे. तो गीताचे शब्द कागदावर वाचून कळत नाही आणि चालीचा राग ओळखूनही हाती लागत नाही.

दुसरे उदाहरण ‘शाम ढले खिडकी तले’ या गाण्याचे घेता येईल. खिडकीखाली शीळ घालणे बंद कर, अशी तक्रार स्त्री करते. त्यावर सारखे खिडकीत उभे राहून नजरेचे बाण सोडणे तू बंद कर, असा उलट आरोप पुरुष करतो. आरोप आणि प्रत्यारोप एकाच छंदात, एकाच मापाच्या ओळींत येतात, आणि त्यामुळे श्रोता उत्तराची वाट पाहू लागतो. मराठी कानाला ही रचना परकी वाटत नाही, कारण तमाशातील सवाल-जवाबाची बैठक नेमकी हीच आहे: समोरच्याचेच शब्द उचलायचे, त्याच्याच मापात परत करायचे आणि शेवटी आपला खटका मारायचा. त्यातही एका बाजूला विशी नुकतीच ओलांडलेल्या लता मंगेशकर यांचा घोटीव, काटेकोर स्वर आणि दुसऱ्या बाजूला रस्त्यावरच्या माणसासारखा सहज बोलणारा चितळकरांचा आवाज अशी जोडी असल्यामुळे भांडणातील दोन्ही पक्ष आवाजांच्या पोतातूनच उभे राहतात. येथे चितळकरांचा आवाज लतांच्या तोडीचा आहे की नाही, हा प्रश्न गैरलागू ठरतो. तो तोडीचा नसणे हेच गाण्याच्या उपयोगाचे आहे.

या संचात ‘धीरे से आजा री’ ही पिलू रागाच्या आधाराने बांधलेली अंगाईही आहे, आणि तिच्यामुळे खेळकर गाण्यांचा थिल्लरपणा वाढत नाही. उलट संगीतकाराने गंमत जाणूनबुजून निवडलेली आहे, गंभीर रचना जमत नाही म्हणून तो तिकडे वळलेला नाही, ही गोष्ट स्पष्ट होते.

आक्षेपांचे तीन प्रकार

अशा गाण्यांवर त्या काळात घेतले जाणारे आक्षेप साधारणपणे तीन प्रकारचे होते. पहिला आक्षेप सवंगपणाचा, दुसरा पाश्चात्त्यीकरणाचा आणि तिसरा उसनवारीचा होता. सी. रामचंद्र यांच्या वाट्याला हे तिन्ही आले, कारण ‘अलबेला’च्या आधीच ‘शहनाई’ (१९४७), ‘पतंगा’ (१९४९) आणि ‘समाधी’ (१९५०) या चित्रपटांतील खेळकर गाण्यांनी त्यांची एक प्रतिमा तयार केली होती.

पाश्चात्त्यीकरणाचा आक्षेप ‘शहनाई’तील ‘आना मेरी जान, संडे के संडे’ या गाण्यापासून तपासता येतो. गिटार, माउथ ऑर्गन, सॅक्सोफोन आणि शीळ यांनी सजलेले हे गाणे वरवर पाहता विलायती वाटते; परंतु त्यातील प्रसंग पाहिला तर एक साहेबी तरुण परदेशी मौजमजेची आमिषे दाखवतो आणि धर्मकर्म सांभाळणारी देशी स्त्री त्याला झिडकारते, असा आहे. म्हणजे विलायती वाद्ये येथे विलायती अनुकरणाची टर उडवण्यासाठी वापरली गेली आहेत. ज्या गाण्याने पाश्चात्त्य अनुकरणाची चेष्टा केली, तेच पाश्चात्त्य अनुकरणाचा नमुना ठरावे, यावरून उपहास ऐकू न येणारी समीक्षा कशी फसते हे दिसते. ‘पतंगा’तील ‘मेरे पिया गए रंगून’ हे रंगमंचावर सादर होणारे गाणे तर टेलिफोनवरील संभाषणाने सुरू होते आणि दूरदेशी गेलेल्या पतीच्या विरहाचा, लोकगीतांना जुना असलेला विषय टेलिफोन या नव्या यंत्राच्या साह्याने हसत-हसत मांडते.

उसनवारीच्या आक्षेपात मात्र तथ्य होते. ‘समाधी’तील ‘गोरे गोरे’ या गाण्याचा मुखडा १९४५ च्या ‘डॉल फेस’ या अमेरिकी चित्रपटात कार्मेन मिरांडा यांनी गायिलेल्या एका लॅटिन धाटणीच्या गाण्यावरून घेतलेला आहे. लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांच्या आवाजांत त्याला दोघी स्त्रियांच्या चेष्टेखोर संवादाचे रूप मिळाले, हे खरे असले तरी मूळ चाल दुसऱ्याची आहे हे सांगितलेच पाहिजे. तथापि एका गाण्याची उसनवारी सिद्ध झाली म्हणून सगळा बाज उसना ठरत नाही. ‘अलबेला’च्या सवाल-जवाबाचा उगम लॅटिन धाटणीच्या गाण्यांत शोधावा लागत नाही.

आकाशवाणीचा दरवाजा

सवंगपणाचा आक्षेप केवळ वृत्तपत्री टीकेपुरता मर्यादित राहिला असता, तर त्याचे महत्त्व कमी राहिले असते. परंतु १९५२ मध्ये त्याला शासकीय धोरणाचे बळ मिळाले. त्या वर्षी केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्याचे, पॅरिसमध्ये उच्च शिक्षण घेतलेले आणि शास्त्रीय संगीताचे जाणकार गृहस्थ होते. चित्रपटगीते अश्लीलतेकडे आणि पाश्चात्त्य वळणाकडे झुकत आहेत, असे त्यांचे ठाम मत होते. आकाशवाणीवर चित्रपटगीतांच्या वेळेवर मर्यादा आली. गाण्यासोबत चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात होते म्हणून तेही थांबवण्यात आले. त्यावर निर्मात्यांनी प्रक्षेपणाची परवानगी काढून घेतली आणि काही काळातच चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली.

या धोरणाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. त्याच सुमारास आकाशवाणीने शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, सुगम संगीताचे स्वतंत्र विभाग उभारले आणि दिल्लीत पंडित रविशंकर यांच्या नेतृत्वाखाली ‘वाद्यवृंद’ नावाचा स्वतःचा वाद्यमेळ स्थापन केला. म्हणजे अनेक वाद्ये एकत्र वाजवण्याला आकाशवाणीचा विरोध नव्हता. तो मेळ कशासाठी वाजतो, याबद्दलची नापसंती होती. रागाधारित, उन्नत भावनेचा वाद्यमेळ स्वीकारार्ह आणि खिडकीखालच्या शीळेला साथ करणारा वाद्यमेळ त्याज्य, अशी ही विभागणी होती. १९५५ मध्ये पुणे केंद्रावरून प्रसारित झालेल्या ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांच्या ‘गीतरामायणा’ला जे अपूर्व स्वागत मिळाले, ते त्या रचनेच्या गुणांमुळे मिळाले यात शंका नाही. परंतु उन्नत आशयाच्या सुगम गीताला माध्यमाचे दार सताड उघडे होते, ही पार्श्वभूमीही त्यामागे होती.

विशेष म्हणजे या सगळ्या वादात दोन्ही बाजूंना मराठी माणसेच उभी होती. पुण्याचा मंत्री, पुणतांब्याचा संगीतकार आणि परळचा निर्माता-दिग्दर्शक हे तिघे हिंदी गाण्याच्या निमित्ताने महाराष्ट्रातील तीन वेगवेगळ्या सांस्कृतिक थरांचे प्रतिनिधित्व करत होते. मराठी साहित्याने श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, राम गणेश गडकरी आणि चिं. वि. जोशी यांच्या विनोदाला मानाचे स्थान दिले होते. संगीतात मात्र विनोदाला तमाशाच्या बोर्डावरच ठेवावे, अशी सुशिक्षित मध्यमवर्गाची धारणा होती.

सिलोनची लहर आणि जुहूचा बंगला

श्रोत्यांनी आपला निकाल वेगळ्या मार्गाने दिला. ३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवरून अमीन सायानी यांच्या निवेदनाने ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, आणि आकाशवाणीने बाहेर ठेवलेली गाणी कोलंबोहून लघुलहरींवर भारतात परत येऊ लागली. श्रोत्यांच्या पत्रांचा आणि फर्माइशींचा ओघ इतका मोठा होता की अखेरीस ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, केसकर मंत्रिपदावर असतानाच, आकाशवाणीला ‘विविध भारती’ ही मनोरंजनाची सेवा सुरू करावी लागली. त्याच वर्षी सी. रामचंद्र यांचे ‘ईना मीना डीका’ हे ‘आशा’ चित्रपटातील गाणे आले. मुलांच्या खेळातील निरर्थक गणती आणि त्यात गोव्याच्या जॉन गोम्स या सहायकाने घातलेले कोंकणी शब्द यांपासून बनलेल्या या गाण्यात अर्थाचा भार जवळजवळ शून्यावर आणलेला आहे, आणि निरर्थक अक्षरे वाद्यासारखी वाजवण्याच्या जॅझमधील ‘स्कॅट’ या पद्धतीशी त्याचे नाते जुळते. अर्थहीनतेवर टीका करायची तर येथे टीकेला धरण्यासारखे काही उरतच नाही.

‘अलबेला’च्या यशाचे सर्वात दृश्य रूप जुहूत उभे राहिले. त्या काळी जुहू म्हणजे नारळीची झाडे, वाळू आणि तुरळक बंगले असलेले, शहरापासून दूरचे उपनगर होते, आणि चित्रपटसृष्टीत यश मिळवलेल्या माणसाने तिथे घर घेणे ही प्रतिष्ठेची खूण होती. दादरच्या चाळीतून आलेल्या भगवान यांचा जुहूला समुद्राजवळ मोठा बंगला झाला आणि दारात मोटारींची रांग लागली. पुढे ‘झमेला’ (१९५३) हा भगवान आणि सी. रामचंद्र याच जोडीचा चित्रपट ‘अलबेला’सारखा चालला नाही, नंतरचे बेतही फसले, बंगला आणि मोटारी विकाव्या लागल्या आणि भगवान पुन्हा दादरला आले, तिथेच ४ फेब्रुवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले. या कहाणीकडे बहुधा एका नटाच्या दैवगतीची कहाणी म्हणून पाहिले जाते. परंतु स्वागताच्या अभ्यासकासाठी तिचा अर्थ वेगळा आहे. लोकांच्या पसंतीने पैसा येतो, तो एका हंगामाचा असतो. समीक्षेच्या मान्यतेने स्थान मिळते, ते पडत्या काळातही टिकते. भगवान आणि त्यांच्या संगीतकाराला पहिली गोष्ट भरभरून मिळाली आणि दुसरी मिळाली नाही.

याच जुहूत ‘ईना मीना डीका’चे गायक किशोर कुमार यांचा ‘गौरी कुंज’ बंगला आहे, आणि भगवान यांच्या संथ, लहान पावलांच्या नृत्याची छाप ज्यांच्या नाचावर सर्वात ठळकपणे दिसते ते अमिताभ बच्चनही जुहूचेच रहिवासी. किशोर कुमार यांच्या खेळकर गायकीलाही पूर्ण आदर मिळण्यास बराच काळ जावा लागला, आणि ‘पडोसन’ (१९६८) मधील राहुलदेव बर्मन यांच्या विनोदी रचनांकडे संगीत म्हणून गांभीर्याने पाहणारे लेखन तर त्याहून उशिरा झाले. या उपनगराच्या आसऱ्याला आलेली ही परंपरा एकाच अनुभवातून गेली: टाळी आधी, आदर नंतर.

गांभीर्याची मोजपट्टी

सी. रामचंद्र यांना आदर मिळालाच नाही, असे मात्र नाही. तो कोणत्या रचनांसाठी मिळाला हे पाहणे उद्बोधक आहे. ‘अनारकली’ (१९५३) मधील विरहगीतांनी त्यांना भावपूर्ण संगीतकार ठरवले आणि २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत कवी प्रदीप यांच्या शब्दांना त्यांनी दिलेल्या चालीवर लता मंगेशकर यांनी ‘ऐ मेरे वतन के लोगो’ गायिले, तेव्हापासून त्यांचे नाव राष्ट्रीय भावनेशी जोडले गेले. परिणामी त्यांच्या कामाचे दोन भाग पाडण्याची सवय लागली: एका बाजूला खरे, म्हणजे गंभीर संगीत आणि दुसऱ्या बाजूला बाजाराच्या मागणीनुसार केलेली करमणूक. वस्तुतः ‘अनारकली’तील स्वरांची नेमकी मांडणी आणि ‘अलबेला’तील प्रश्नोत्तरांची नेमकी वेळ यांमागे एकच कसब आहे.

ही विभागणी कोठून येते, याचा उलगडा संगीतशास्त्रज्ञ अशोक दा. रानडे यांच्या मांडणीतून होतो. त्यांनी संगीताच्या आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशा कोटी मानल्या आणि प्रत्येक कोटीची प्रयोजने व निकष वेगळे असतात, असे प्रतिपादन केले. कलासंगीतात रागाचा विस्तार आणि विचारांची सलगता पाहिली जाते. जनसंगीतात प्रसाराचे माध्यम, श्रोत्यांचा समूह आणि तात्काळ परिणाम यांचा विचार करावा लागतो. हिंदी चित्रपटगीतावरील त्यांचा ग्रंथ २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. या दृष्टीने पाहिले तर केसकरकालीन आक्षेपांची चूक अभिरुचीची नव्हती, कोटीची होती. खेळकर वाद्यमेळाला कलासंगीताचा गज लावला की तो आखूडच भरणार.

जगातील इतर उदाहरणे

हा पेच एकट्या भारताचा नाही. अठराव्या शतकातील ऑस्ट्रियन रचनाकार योझेफ हायडन यांच्या ९४व्या सिंफनीत मंद, शांत चाल चालू असताना सगळा वाद्यमेळ अचानक एक जोराचा आघात करतो; त्यांच्या एका तंतुवाद्य-चतुष्काच्या शेवटी तर रचना संपल्याचा भास अनेकदा निर्माण केला जातो आणि टाळी वाजवायला उचललेले हात अडखळतात. हे विनोद कलासंगीताच्या दालनात घडल्यामुळे त्यांच्यावर सवंगपणाचा शिक्का बसला नाही. उलट १९६७ मध्ये बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ हा अल्बम आला, तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये समीक्षक रिचर्ड गोल्डस्टीन यांनी चमकदार परिणामांखाली खरेपणा हरवल्याचा ठपका त्याच्यावर ठेवला होता. त्याच अल्बममधील म्हातारपणाविषयीच्या गाण्यात क्लॅरिनेटच्या त्रिकुटाने जी मिश्कील साथ केली आहे, ती ऐकताना मुंबईच्या ध्वनिमुद्रणांतील क्लॅरिनेट आठवल्याशिवाय राहत नाही. फरक इतकाच की बीटल्सच्या बाबतीत असा ठपका अपवादच ठरला आणि अल्बमला ग्रॅमी पुरस्कारही मिळाला, तर ‘अलबेला’च्या वादकांची नावे सर्वसामान्य वाचकापर्यंत पोहोचायला अर्धशतक लागले.

उशिरा झालेला गौरव आणि त्याचे धोके

एकविसाव्या शतकात चित्र बदलले. ग्रेगरी बूथ यांनी मुंबईच्या चित्रपट-वादकांच्या मुलाखतींवर आधारलेला ग्रंथ २००८ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्यानंतर काही वर्षांतच नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जॅझ युगाचा इतिहास लिहिला. त्यामुळे चिक चॉकलेटसारख्या कलावंतांना प्रथमच रचनेतील भागीदार म्हणून मान्यता मिळाली. २०१६ मध्ये शेखर सरतांडेल दिग्दर्शित ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट आला. त्यात मंगेश देसाई यांनी भगवान यांची आणि विद्या बालन यांनी गीता बाली यांची भूमिका केली.

हा गौरव स्वागतार्ह असला तरी त्यात एक नवा दोष शिरला आहे. जुन्या गाण्यांना सरसकट ‘सुवर्णयुग’ म्हणण्याची जी पद्धत रूढ झाली आहे, तिच्यात ‘अलबेला’ची गाणी आजच्या कथित गोंगाटाविरुद्ध शुद्ध माधुर्याचा पुरावा म्हणून उभी केली जातात. गोंगाट, परकी वाद्ये, निरर्थक शब्द आणि सवंग चाळे हे आरोप याच बाजाच्या गाण्यांवर झाले होते, याचा मग विसर पडतो. आधीच्या पिढीने गंमत ऐकली आणि तिला कमी लेखले. नंतरच्या पिढीने आदर दिला, पण गंमत ऐकणे सोडले. दोन्ही पिढ्यांनी गाण्याच्या मुख्य गुणाला बगल दिली, हे त्यांतील साम्य आहे.

खेळकर वाद्यमेळाचे मूल्यमापन करताना म्हणून काही साधे प्रश्न विचारावे लागतात. थट्टा कोणाची चालली आहे आणि वाद्ये कोणाच्या बाजूने बोलतात? शब्द आणि ताल एकमेकांना दुजोरा देतात की एकमेकांची फिरकी घेतात? उत्तर नेमक्या मात्रेवर येते की अर्धा क्षण उशिरा येऊन हसू विरून जाते? उसने घेतलेले किती आणि घडवलेले किती? या प्रश्नांना रागनामाने किंवा आशयाच्या उंचीने उत्तर देता येत नाही. त्यासाठी गाणे पुन्हा पुन्हा, वाद्यनिहाय ऐकावे लागते. ‘अलबेला’ या कसोटीला उतरतो, आणि ‘शोला जो भड़के’ लागले की वरातीत आजही पाय थिरकतात याचे स्पष्टीकरणही याच कसोटीत मिळते. ते स्पष्टीकरण स्मरणरंजनाने देता येत नाही, कारण नाचणाऱ्यांपैकी बहुतेकांचा जन्म त्या चित्रपटानंतर कित्येक वर्षांनी झालेला असतो. त्यांना नाचवतो तो ताल आणि हसवते ती त्या तालाने शब्दांची घेतलेली फिरकी.